गाठी

बोदवडला जिनिंगच्या वजनकाट्यावर
एकतीस वर्षं मी गाठी मोजल्या,
कापसाच्या, एकेक पावणेदोन क्विंटलच्या आसपास.
आता टाके मोजतो.
एकशे चार घातले होते,
एकशे तीनच भरतात.

हे सुरू झालं डाव्या मनगटापासून.
प्लास्टर निघालं आणि बोटं मुकी.
भुसावळची फिजिओथेरपीवाली पोरगी म्हणाली,
काका, रबरी चेंडू दाबा, नाहीतर काहीतरी विणा.
चेंडू दोन दिवसांत नातवाने पळवला.
मग कोकिळाने कपाटातून दहा नंबरच्या सुया काढल्या
आणि फडफडतं कोंबडं धरायला द्यावं
तशा माझ्या हातात दिल्या.

एक सुलट, एक उलट.
ती टीव्ही बघत विणते, खाली मानही न घालता.
मी मोठ्याने मोजतो.
"हळू मोजा हो," ती म्हणते,
"बाहेर ट्रक थांबलाय का?"

वैशाख. भिंतीला पाठ टेकवत नाही.
कूलरमधलं पाणी दुपारीच आटतं.
लोकर घामेजल्या बोटांना चिकटते,
सुई कुरकुरते, सरकत नाही,
मांडीवर मेंढरू निजल्यासारखा
पाठीचा अर्धा तुकडा.
सुपडू फिरके दारातून डोकावतो,
"काय करून राह्यला रे भाऊ? कापसाच्या गावात लोकर?"
लुधियानाची आहे, मी सांगतो.
"आन् थंडी कुठलीये?"
येते ना. पंधरा दिवस.
"पंधरा दिवसांच्या पावणीला चहा पाजून लाव वाटेला,
स्वेटर कायले?"
बरोबर बोलतो तो.
मी हातातली ओळ पुरी करतो.

कारण एखाद्या दुपारी, लाइट गेलेली असताना,
दहा-बारा ओळी अशा येतात
की हात परभारे चालतात.
सुया एकमेकींशी टकटक बोलतात,
गुंडा आपणहून जरासा उलगडतो, थांबतो,
पुन्हा उलगडतो.
मुकादम नाही, पावतीबुक नाही,
कशाचंच वजन करायचं नाही.
घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येतो
तोही पडतो ओळ संपल्यावर.

खांद्यापाशी लोकर संपली.
भुसावळच्या दुकानात तोच रंग, तोच नंबर.
"लॉट वेगळा आहे, पण कळत नाही," दुकानदार म्हणाला.
त्याच्या ट्यूबलाइटखाली नाहीच कळत.
आमच्या ओट्यावरच्या उन्हात कळलं,
खाली जांभूळ, वर वांगं.
आणि मला कळू नये?
दोन शेतांचा कापूस एका ढिगात आला
तर व्यापारी शपथा घेत असायचा
आणि मी नुसता चिमटीत धरून वेगळा काढायचो.

त्याच उन्हात तो हरवलेला टाकाही सापडला,
चाळीस ओळी खाली,
शिडीच्या एका पायरीवर लटकलेला.

उसवायला अक्कल लागत नाही.
तेरा दिवसांचं काम
कोकिळाच्या भावाचा चहा संपायच्या आत संपलं.
तो बघत बसला. बशी हातात तशीच.

उसवलेली लोकर सरळ होत नाही,
शेवयांसारखी कुरळीच राहते,
प्रत्येक टाका तिला पाठ असतो, चुकलेलासुद्धा.
कोकिळाने तिची लड केली, भिजवली,
दोरीवर टांगून खाली तांब्या बांधला.
झळांनी दोन तासांत वाळवली.
तेवढा एक उपकार या उन्हाचा.

रात्री गच्चीवर, खाटेवर, पुन्हा टाके घालतो.
"कुणासाठी आहे म्हणे?" ती विचारते.
नातवासाठी होता,
पण त्याचे हात रोज लांबतायत.
मी बोलत नाही, मोजतोय.
"आणि पहिली गाठ सैल मारा,
तुमच्या जिनिंगसारखी लोखंडी पट्टी नका आवळू."
सैल मारली आहे.
अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर...
खालून सुपडूची सायकल जाते,
मुद्दाम दोनदा घंटी वाजवून.

अठ्ठ्याण्णव?